दहाव्याची चिठ्ठी

आमचे साहेब दोनदा आमदार झाले ते भाषणामुळं नाही, हे आधीच सांगून टाकतो. भाषण त्यांना येतच नव्हतं. पलटणीतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले, जाता जाता मानाची कॅप्टनकी मिळाली, आणि मुळशीत परतले ते कॅप्टनसाहेब होऊनच. मी त्याच पलटणीत हवालदार क्लार्क होतो. तिथं क्लार्कला बाबू म्हणतात, म्हणून मी बाबू. दोन वर्षांनी मीही घरी आलो. साहेब तोवर सरपंच झाले होते. 'बाबू, ये' म्हणाले आणि मी गेलो. कशाला, हे विचारायची सवय मला सरकारनं लावलीच नव्हती.

फोन आला की मी अजूनही उठून उभा राहतो. पलटणीतली खोड. जेवत असलो तरी ताटावरून उठायचो. बायको म्हणायची, "अवो, तुमी उभं हायेत का बसलेत, ते त्यास्नी फोनमधनं दिसतंय व्हय?" मी उभ्या उभ्या तिला हातानं गप्प करायचो.

साहेबांचं खरं भांडवल काय होतं ते सांगतो. पलटणीत जवान गेला की त्याच्या घरी सरकारी पत्र जायचं. ते मी टाइप करायचो, ठरलेला मजकूर, खाली मोठ्या साहेबांची सही. पण सुभेदार साहेब त्याला स्वतःच्या हातानं एक कागद जोडायचे. अक्षर असं की वाचताना डोळे फुटावेत. त्यात त्या पोराची एक गोष्ट असायची. तुमचा मुलगा मोजे धुवून वाळत घालायचा आणि दोन्ही वेगवेगळ्या दोरीवर घालायचा, का ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बस, एवढंच. मी एकदा म्हणालो, साहेब, शौर्याचं काहीतरी लिहा. ते म्हणाले, "बाबू, माणूस गेला की त्याची एक गोष्ट सांगायची. एकच. दोन सांगितल्या की भाषण होतं."

आमच्याकडं दहाव्याला पुढारी लागतो. नदीकाठी पिंड ठेवलेले असतात, महाराजांचं प्रवचन चाललेलं असतं, घरची माणसं कावळ्याची वाट बघत बसलेली असतात आणि माईकवरून एकेक जण श्रद्धांजली वाहत असतो. मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. सगळ्या मेलेल्यांना हीच तीन विशेषणं. साहेब सरपंच झाल्यावर पहिल्या दहाव्याला गेले ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या. माईक हातात घेतला आणि म्हणाले, "शाळेतनं येताना म्हातारा मला बैलगाडीत मागं बसू द्यायचा. एकदा बानं मला नवे बूट घेतले. म्हातारा म्हणाला, बूट हायेत न्हवं, मग चाल की. तवापास्नं चालतोय." माईक ठेवला, खाडकन सॅल्यूट केला आणि खाली बसले. घाटावर आधी लोक हसले आणि मग बायका रडायला लागल्या. म्हाताऱ्याचा मुलगा तर साहेबांच्या गळ्यातच पडला.

तिथून त्यांचं राजकारण उभं राहिलं. रस्ते सगळेच करतात, पाण्याच्या टाक्याही सगळेच बांधतात. पण बाप गेल्यावर बापाची खरी गोष्ट सांगणारा पुढारी लोकांनी बघितला नव्हता.

पहिली विधानसभा मात्र आम्ही हरलो, आणि चांगलेच आपटलो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी साहेब घरातून निघून गेले ते दुपारभर सापडेनात. फोन बंद. फौजी माणूस, घरात परवान्याची बंदूक. मी पिरंगुटपासून पौडपर्यंत मोटारसायकल पळवत होतो. धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर साहेब अंगणात बसून चहा पीत होते. मला म्हणाले, "बाबू, पुढच्या वेळची तयारी आजपास्नं करायची." दुपारी कुठं होतात, हे मी विचारलं नाही. सांगितलं ना, सवय नव्हती.

पुढच्या वेळी निवडून आलो. मग माणसं वाढली. सरपंच असताना मेलेला माणूस ओळखीचा असायचा. आमदार झाल्यावर रोज तीन-तीन दहावे, सगळे अनोळखी. एकदा उरवड्याला एका कारखान्यातल्या कामगाराच्या दहाव्याला साहेब माईक घेऊन उभे राहिले आणि बोललेच नाहीत. बराच वेळ तसेच उभे. लोकांना वाटलं, साहेबांचा कंठ दाटला. पेपरात तसं छापूनही आलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बाबू, मला त्या पोराचं काहीच म्हाईत न्हवतं रं."

त्या आठवड्यात मी चिठ्ठी सुरू केली. ही अक्कल माझीच, कुणावर ढकलत नाही. दहावा ठरला की मी त्या गावातल्या आमच्या कार्यकर्त्याला फोन लावायचो. तो सुरू करायचा, लई चांगला माणूस हो, मनमिळाऊ. मी म्हणायचो, "चांगला होता हे नको. काय करायचा ते सांग." माणूस गांगरायचा. मग घरात विचारून यायचा. कुणी गॅसचं सिलिंडर हलवून बघायचा आणि रोज म्हणायचा, अजून हाय. कुणी स्वतःच्या गाडीबरोबर शेजाऱ्याच्याही गाडीवर पाणी मारायचा. ते मी कागदाच्या चतकोरावर लिहायचो, दोन घड्या घालायचो. घाटाशी गाडी थांबली की साहेब उतरायचे आणि मागं न बघता उजवा हात मागं करायचे. मी त्यात चिठ्ठी ठेवायचो. चालता चालता वाचून खिशात. माईकवर साहेब असे बोलायचे की त्या माणसाबरोबर लहानपणी विटीदांडू खेळले असावेत. लोक रडायचे. खोटं काही नव्हतं त्यात, गोष्ट खरीच असायची. फक्त आठवण साहेबांची नसायची.

विधानसभेत साहेब फार बोलले नाहीत. अध्यक्ष आत आले की सावधानमध्ये उभे राहायचे आणि बाकीचे बसले तरी यांना बसायला वेळ लागायचा. आमच्या भुकूमच्या नव्या सोसायट्यांतली मंडळी मात्र खूश असायची. टँकरचं गाऱ्हाणं घेऊन यायची आणि सर, तुम्ही आर्मीत होता ना, म्हणून फोटो काढून जायची. पण निवडून आणलं ते घाटांनी. दुसऱ्यांदाही घाटांनीच.

बायको आजारी पडली ती दुसऱ्या टर्मला. पोटाचं दुखणं. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा. मी बरं म्हणालो. मला काही वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते, पण नाही वाटलं. मी इतक्या लोकांची मरणं फोनवर विचारून घेतली होती की ही बातमीसुद्धा मी त्याच कानानं ऐकली.

तिला सगळं कळत होतं. एके दिवशी मी दाढी करत होतो, तर पलंगावरून म्हणाली, "माझ्या चिठ्ठीत काय लिव्हणार?"

"काहीतरी बोलू नको."

"मनमिळाऊ लिव्हू नका म्हंजे झालं. तेवढी मी न्हाई." आणि हसली.

मी म्हणालो, सांगतो. तिला वाटलं मी तिथल्या तिथं सांगेन. ती वाट बघत राहिली आणि मी तोंड धुवून निघून गेलो. गाडीत बसल्यावर विचार करायला लागलो. स्वयंपाक चांगला करायची. खोडलं, हे कुणीही सांगेल. मी पलटणीत असताना मुलीला एकटीनं वाढवलं. खोडलं, हे सगळ्याच फौजींच्या बायकांचं. वरच्या खोल्यांतल्या भाडेकरूंना तिचा धाक होता. बरं, पण काय करायची? दुसऱ्या कुणी मला एवढंच सांगितलं असतं तर मी झापलं असतं त्याला. हजारेक लोकांची एकेक गोष्ट काढून घेणारा मी, लग्नाच्या बायकोची एक गोष्ट माझ्याकडं नव्हती.

तिनं आणखी दोनदा विचारलं. एकदा थट्टेनं, मुलीसमोर: "तुझ्या आबांना अजून गावली न्हाई." आणि शेवटचं, पाणी पाजताना, थट्टा न करता. "गावली का वो?" मी म्हणालो, गावंल. तिनं डोळे मिटले. ती झोपली असं समजून मी फोन घ्यायला बाहेर गेलो.

चार दिवसांनी दुपारी गेली. मी पिरंगुटला रस्त्याच्या भूमिपूजनाला होतो. मुलीचा फोन आला, मी उभाच होतो. घरी पोचेपर्यंत बायकांनी तिला खाली घेतलं होतं. आणि मी पहिलं काय केलं असेल? डायरी काढली आणि दहावा कधी येतो ते मोजलं. त्या दिवशी सकाळी मुठ्याला आधीच एक दहावा लिहिलेला होता. मी खाली लिहिलं, भुकूम, आठ वाजता. मुठा, दहा. मग डायरी खिशात घातली आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. मुलगी माझ्याकडं बघत होती. ती रडत होती आणि मी रडत नव्हतो.

नऊ दिवस माणसांत गेले. रडायचं म्हणून मी दोनदा न्हाणीघरात जाऊन उभा राहिलो, काही झालं नाही. नवव्या दिवशी मुठ्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला. बिचारा म्हणाला, "तुमाला तरास देत न्हाई, पण साहेब उद्या हिकडं येनार, म्हातारीचं काय सांगू?" दुसरं कुणीतरी बघेल, असं मी म्हणायला हवं होतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "चांगली होती हे नको. काय करायची ते सांग." त्यानं सांगितलं, वाटेनं जाणाऱ्याला ताक द्यायची, पण आधी स्वतः चाखायची. आंबट असलं तर ओतून टाकायची, म्हणायची, आंबट ताक वैऱ्यालाबी देऊ नये. चांगली गोष्ट होती. मी चतकोरावर लिहिली, दोन घड्या घातल्या. उद्या ड्रायव्हरकडं द्यायची म्हणून ठेवली. नाव लिहायची माझी पद्धत नव्हती, कारण चिठ्ठी नेहमी एकाच वेळी एकच असायची.

आणि तिची चिठ्ठी? कोरा चतकोर घेऊन बसलो होतो. तो तसाच राहिला.

आमच्या ओढ्याकाठचा घाट साहेबांच्याच निधीतला. शेड, फरशी, पायऱ्या. मंजुरीचं पत्र मीच टाइप केलं होतं. मला मुलगा नाही, म्हणून क्रिया मीच केली. डोकं भादरलं, पिंड ठेवले आणि लांब होऊन बसलो. कावळे होते झाडावर, पण एक खाली उतरेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मेहुणा म्हणाला, "दाजी, बोला की." मी मोठ्यानं म्हणालो, मुलीला काही कमी पडू देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. मुलगी पुढं जाऊन म्हणाली, आई, मी आबांकडं बघीन. तरी नाही. काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. पण माझ्याकडं ती गोष्टच नव्हती तर काय कबूल करणार, कपाळ?

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मी घड्याळ बघितलं. सव्वाआठ होऊन गेले होते, मुठ्याला जायचं म्हणजे उरवड्यावरून पाऊण तास तरी. आणि मीच भटजींना म्हणालो, दर्भाचा कावळा करा, साहेबांना पुढं जायचंय. लोकांनी माझ्याकडं बघितलं. भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, झालं. सासरकडून आलेला नवा सदरा आणि टोपी मी घातली. जुन्या सदऱ्यातला फोन आणि चिठ्ठी नव्या खिशात घातली.

साहेब चालत माझ्याकडं आले. खांद्यावर हात ठेवला. डोळे लाल होते त्यांचे, खोटं नाही बोलणार. वीस वर्षं तिच्या हातचं जेवले होते. तिला वैनी म्हणायचे. मग माईकवर त्यांचं नाव पुकारलं, ते वळले, आणि चालता चालता त्यांचा उजवा हात मागं आला.

मी खिशातली चिठ्ठी काढून त्यावर ठेवली.

का ठेवली, हे मला आजवर सांगता आलेलं नाही. हात मागं आला की चिठ्ठी ठेवायची, एवढंच अंगात होतं. त्यांच्याही अंगात तेवढंच होतं. त्यांनी वाचली, घडी करून खिशात घातली आणि माईकवर म्हणाले, "वैनी ताक द्यायच्या. आधी सोता चाखायच्या. आंबट असलं तर ओतून टाकायच्या. म्हणायच्या, आंबट ताक वैऱ्यालाबी देऊ नये." सॅल्यूट केला. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आमच्या घरात पिशवीचं दूध येतं, ताक कुणी केलंय कधी! पण शेजारची म्हातारी माझ्या मुलीला धरून म्हणाली, "व्हय गं बाई, लई ताक पाजलं तिनं आमाला." आणखी दोघींनी मान हलवली. मी तिथंच उभा होतो आणि ऐकत होतो. मुलगी माझ्याकडं अशी बघत होती की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आलोय.

साहेब मुठ्याला निघून गेले. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की मुठ्याची चिठ्ठी तर इथंच वाचून झाली. फोन करावासा वाटला. केला नाही.

दुपारी माणसं पांगली. मुलगी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मुठ्याच्या कार्यकर्त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं होतं, साहेब आज लई बोलले. मी घरापुढच्या ओट्यावर उभ्या उभ्या लावला.

साहेब गाडीतून उतरतात, हात मागं करतात. हातावर काही पडत नाही. ते वळून बघतात, मागं ड्रायव्हर. माईकपाशी येतात आणि गप्प उभे राहतात, उरवड्याला राहिले होते तसे. मग म्हणतात, "मी पयल्यांदा हरलो, तवा मला तोंड लपवाया जागा न्हवती. जीव द्यावा असंच मनात होतं. एका माऊलीच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिनं काय झालं म्हणून इचारलं न्हाई. आतनं शेंगांनी भरलेलं सूप आणून म्होरं ठेवलं आन् म्हणाली, बसलाच हायेत तर शेंगा फोडा. दोन तास मी शेंगा फोडल्या. फोडता फोडता रडलो. ती निवडत बसली, वर बघितलं न्हाई. मग मी उठलो. त्या दिशी तिनं काही इचारलं असतं तर आज मी हितं नसतो. माऊली गेली." सॅल्यूट करताना त्यांचा हात उशिरा खाली आला. मुठ्याची माणसं आपल्या म्हातारीसाठी रडत होती.

मी पुन्हा लावला. आवाजानं मुलगी दारात आली, ओल्या हातानं उभी राहून तिनं सगळं ऐकलं.

"हे आईचंय," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"मी सातवीत होते की. हितंच बसून अभ्यास करत होते. साहेब आले, बसले, शेंगा फोडल्या. तुमी त्यास्नीच हुडकत फिरत होता. आई म्हणाली, आबांना सांगू नको. बाप्या माणूस रडलेला कुणाला सांगू नये."

मी पिरंगुट पाहिलं, पौड पाहिलं, धरणाची भिंत पाहिली. आणि साहेब माझ्याच ओट्यावर होते.

"तशी ती सगळ्यांनाच म्हणायची," मुलगी म्हणाली. "बसलाच हायेत तर शेंगा फोडा, बसलाच हायेत तर लसूण सोला. पोस्टमनला म्हणायची. वरच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना म्हणायची. कुणाचं काही बिनसलं असलं की ते येऊन बसायचे, मग ही त्यांच्याम्होरं सूप ठेवायची. अख्ख्या आळीला म्हाईत हाय."

"मला कधी नाही म्हणाली."

"म्हणणार कधी?" ती म्हणाली. रागानं नाही, सरळ म्हणाली. "तुमी बसलात कधी, आबा?"

मी ओट्यावर बसलो. तीही हात पुसून माझ्याशेजारी बसली. तिला वाटलं असावं, आता मी रडेन. मलाही तसं वाटलं. मला गोष्ट मिळाली होती. एकच, अगदी तिची, आणि ती मुठ्याच्या घाटावर दुसऱ्याच बाईच्या नावानं सांगून झाली होती. साहेबांनी ती चुकून सांगितली की जाणून, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. त्यांनीही ताकाचं मला विचारलेलं नाही. त्यानंतर आम्ही कितीतरी घाट केले.

त्या दुपारी आम्ही बापलेक बसलो असू पाच मिनिटं. मुलीनं माझ्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. मग खिशात फोन वाजला, उरवड्याच्या कार्यकर्त्याचा नंबर होता. तिनं माझा सदरा धरला आणि म्हणाली, "बसा. बसून बोला."

मी उठून उभा राहिलो आणि फोन घेतला.